तुकडी कुठली?

"शाळा कुठली? यादी द्या, पटकन काढतो."

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं वह्या-पुस्तकांचं दुकान, जूनची गर्दी, मागून धक्के. "शाळा नाही, घरीच शिकवतो," म्हटलं. दुकानदार काकांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरं नसतं का हिला, असं काहीसं. मग १२ तेलखडूंची पेटी, घोटीव कागद आणि सवयीने लेबलांचं पाकीटही पुढे सरकवलं.

(तेलखडू दोन दिवसांत मोडणार, ते ठरलेलंच.)

घरी आल्या आल्या बाईसाहेब लेबल भरायला बसल्या. नाव झालं. शाळा: घर. इयत्ता: १ली. मग पेन्सिल चावत, "आई, आपली तुकडी कुठली?"

यादी नाही म्हणून इतके दिवस मिरवत होते मी. तुकडी एकटीची कशी होणार?

ती ओळ अजून कोरीच आहे. घरी शिकवणाऱ्यांनो, तुम्ही तिथे काय लिहिता?