मूळ चाल कुणाची?

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात समोरच्या इमारतीतून गिटारचा एक तुकडा ऐकू येऊ लागला. वाजवणारा नवशिका असावा, कारण तो एकाच जाड तारेवरून वर सरकत होता आणि गांधारापाशी पोहोचला की अडखळून पुन्हा षड्जापासून सुरुवात करत होता. तरीही चाल ओळखू आली: 'मिसिरलू'. नाव आठवत नसेल त्यांना 'पल्प फिक्शन' या १९९४ च्या चित्रपटाच्या नामावलीवर अंगावर धावून येणारी गिटार नक्की आठवेल. डिक डेलने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात वाजवलेली ही चाल पुढे साऱ्या सर्फ संगीताची, म्हणजे तिथल्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांच्या गिटार-संगीताची, ओळख होऊन बसली. झोपेवर पाणी सोडून मी उठले आणि त्या चालीची जुनी ध्वनिमुद्रणे एकामागून एक लावत बसले.

चाल आवडली की ती आधी कुणी केली हे कळेपर्यंत चैन पडत नाही, ही माझी खोड आहे, आणि ती माझ्या एकटीची नाही. आपल्याकडे कुठल्याही बैठकीत कुणी गाणे गुणगुणू लागला की कोपऱ्यातून एक आवाज हमखास येतो, "अहो, पण मूळ चाल यांची नाहीच!" आणि मग गाणे बाजूला राहून वंशावळ सुरू होते. 'मिसिरलू'चा माग काढणारे चाहतेही याच गोत्रातले आहेत. फक्त त्यांची शिस्त आपल्यापेक्षा कडक. ते गायकाच्या नावावर विश्वास ठेवत नाहीत आणि लेबलावर छापलेल्या तारखेवर तर त्याहून नाही. तबकडी उजेडात तिरपी धरून, शेवटचा खाचा आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक ते वाचतात. तबकडी पुन्हा काढताना कंपनी गाण्याचे स्पेलिंग बदलेल, वादकाला भलतेच नाव देईल, लेबलाचा रंगही बदलेल. पण दोन तबकड्यांवर तोच क्रमांक असला की ध्वनिमुद्रण एकच, हे बहुतेक वेळा नक्की समजावे. तो क्रमांक कंपनीच्या नोंदवहीत सापडला, तर कोणत्या दिवशी आणि कोणत्या शहरात माणसे माइकसमोर उभी राहिली, तेही कळते. या कारकुनीत एक नशा आहे आणि ती ज्याला चढत नाही त्याला समजावून सांगता येत नाही.

या चालीच्या बाबतीत ही कारकुनी भलतीकडे घेऊन जाते. अथेन्समध्ये गाणाऱ्या मिखालिस पात्रिनोसला पहिलेपणाचा मान देण्याची पद्धत बरीच वर्षे होती. परंतु आज ठाऊक असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १९२७ चे आहे, ते कोलंबिया कंपनीसाठी न्यूयॉर्कमध्ये झाले आणि गायक होता इस्तंबूलमध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला ग्रीक तेतोस दिमित्रियादिस. ते ऐकताना डिक डेल विसरावा लागतो. लय संथ आहे, गाणारा एका मिसरी तरुणीवर जीव जडल्याची कैफियत मांडतो आहे, आणि धावण्याची घाई कुणालाच नाही.

मग १९४१ उजाडते आणि निक रुबानिस नावाचे अमेरिकेतले ग्रीक संगीतशिक्षक या चालीची जॅझ वळणाची, शब्दांविना मांडणी करून संगीतकार म्हणून स्वतःचे नाव नोंदवतात. तेव्हापासून लेबलावर रुबानिस आहेत ते आहेतच. मला या गृहस्थांचा उगीचच राग येतो. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असत; किर्लोस्करांच्या काळापासूनची ही रीत. कानडी पदाची चाल उचलली तर तसे सांगून उचलली, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. न्यूयॉर्कच्या एका लेबलावर एवढी एक ओळ मावली नसती का?

पुढचा प्रवास कुणी रचून सांगितला असता तर मी खोटा म्हटला असता. १९४५ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात एक ग्रीक नाच शिकवायचा होता, पण त्याच्या मूळ गाण्याची तबकडी हाताशी नव्हती. म्हणून 'मिसिरलू' लावून त्याच पावलांचा संथ नाच बसवण्यात आला. तो इतका पसरला की आज अस्सल ग्रीक लोकनृत्य म्हणून शिकवला जातो. तुर्कस्तानात झेकी म्युरेनने १९५१ मध्ये हीच चाल तुर्की शब्दांत गायली. आणि लॉस एंजेलिसमध्ये कोर्ला पंडित नावाचा एक ऑर्गनवादक रत्नजडित फेटा बांधून, कॅमेऱ्याकडे टक लावून, चकार शब्द न बोलता टीव्हीवर वाजवत असे; त्यानेही ही चाल वाजवली आहे. आपला जन्म दिल्लीच्या ब्राह्मण घरातला, असे तो सांगे. प्रत्यक्षात तो मिसूरी राज्यातला आफ्रिकी-अमेरिकी जॉन रोलंड रेड होता, आणि ते जगाला त्याच्या मृत्यूनंतर, २००१ मध्ये कळले. काळ्या वादकाला बंद असलेली दारे फेटेवाल्या पंडिताला उघडत होती. त्याने फसवले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डिक डेलचे खरे नाव रिचर्ड मन्सूर. वडील लेबनानी वंशाचे, जन्म बॉस्टनचा. काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवत आणि त्यांच्याकडूनच दरबुक्याचे, म्हणजे तिकडच्या हातढोलाचे, ठेके त्याच्या हातात बसले. एका मुलाने त्याला विचारले की एकाच तारेवर अख्खे गाणे वाजवून दाखवशील का. तेव्हा काकांची ही चाल त्याला आठवली आणि त्याने तिची लय बेफाम वाढवली, अशी हकिकत तो सांगत असे. तो डावखुरा होता आणि तारांचा क्रम उलटा ठेवूनच वाजवायचा. तारा इतक्या जाड की दुसऱ्या कुणाची बोटे सोलवटावीत. आवाज एवढा की गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने दिलेले अँप्लिफायर एकामागून एक जळत गेले.

एवढ्या आगीखालीही स्वर मात्र माझ्या ओळखीचे निघतात. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद: सरळसरळ भैरव थाट. लहानपणी आत्या सकाळी अंघोळ झाल्या झाल्या मला पेटीसमोर बसवी. पेटीवर ऋषभाचे आंदोलन निघत नाही, म्हणून तेवढ्यापुरता ती भाता थांबवी, पट्टीवरचे बोट उचली आणि स्वर गळ्यातून हलवून दाखवी. मी घाईने गांधारावर उडी मारली की म्हणे, "अगं, पळतेस कुठे? ऋषभावर टेक जरा." डेल कुठेच टेकत नाही. त्याची नखी प्रत्येक स्वर सारख्याच वेगाने थरथरवते, ऋषभाला वेगळा मान नाही की धैवताला नाही. त्यामुळे याला भैरव राग म्हणायची सोय नाही, आणि आत्याने तर हे ऐकून पदर कानावर ओढला असता. पण दिमित्रियादिसच्या तबकडीत तो कोमल ऋषभावर किंचित रेंगाळतो, आणि तिथे ती दोन क्षण तरी थांबली असती, असे मला वाटते.

चाहत्यांचे यावरही समाधान नसते. डेलची छोटी तबकडी आणि त्याच वर्षीच्या मोठ्या तबकडीवरचा 'मिसिरलू ट्विस्ट' ही दोन वेगळी ध्वनिमुद्रणे आहेत, तेव्हा त्यांची सरमिसळ करू नये, यावर ते हातघाईवर येतात. त्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे.

आणि १९२७ च्या आधी? स्मिर्ना, म्हणजे तुर्कस्तानातले आजचे इझमीर, १९२२ मध्ये जळाले, पुढच्या वर्षीच्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत सुमारे बारा लाख माणसे घरेदारे सोडून ग्रीसमध्ये आली, आणि अशा अनेक चाली त्यांच्या तोंडून आल्या, नोंदवहीतून नव्हे. त्या बाजूला माग काढायला क्रमांकच नाहीत. उद्या इझमीरच्या किंवा अलेक्झांड्रियाच्या एखाद्या जुन्या बाजारात आणखी जुनी तबकडी निघाली, तर दिमित्रियादिस दुसरा ठरेल आणि सगळ्या याद्या नव्याने लिहाव्या लागतील. रुबानिसांचे नाव मात्र तेव्हाही लेबलावरून हलणार नाही.