कागदवाल्या चौघी गोरेगावला

इंदुरात कागदाचं काम करणाऱ्या बाईला खजुरी बाजार आणि राणीपुरा तोंडपाठ असतो. जाड पुठ्ठा कुठे, चमकीचा कागद कुठे, कोण रिमखाली, म्हणजे पाचशे तावांखाली, बोलतच नाही, सगळं माहीत. पण हॅण्डमेड कागद हवा असेल तर तो सुटा, एकेक ताव घ्यायचा आणि दुकानदार सांगेल तो भाव द्यायचा. कार्डस्टॉकमध्येही, म्हणजे कार्डांच्या जाड कागदातही, ठरलेले चार रंग. हौसेपुरतं काम होतं तोवर भागत होतं. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि इथल्या मराठी घरांतून कागदी मखरांची विचारणा वाढली. गणपती झाले की आकाशकंदील, मग लग्नसराईतली पाकिटं आणि रुखवताची कार्डं. माल पुरेना, आणि पुरला तरी दुसऱ्या खेपेला तोच रंग मिळेना.

मुंबईत गोरेगावला कागद, स्टेशनरी आणि हस्तकलेच्या सामानाचं व्यापारी प्रदर्शन भरणार असल्याचं आमच्या वहिनींना कळलं. त्यांचं खजुरी बाजाराजवळ छोटं दुकान आहे, त्यामुळे अशी निमंत्रणं त्यांच्याकडे येतात. रामबागेतल्या काकू मखरं करतात. सुदामानगरची पोरगी क्विलिंग करते, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून फुलं-नक्षी; आम्ही तिला पोरगी म्हणतो, पण ती शाळेत शिक्षिका आहे. मी कार्डं आणि फोटोंचे अल्बम करते. काकूंचे यजमान म्हणाले, "मुंबईला जाऊन कागद आणणार? इथे काय पानं झडलीत?" काकूंनी त्यांच्याकडेच तिकिटं काढायचं काम दिलं.

व्यापारी प्रदर्शन आणि आपल्या ग्रामीण हाट बाजारातला मेळा यांत मोठा फरक आहे. हाट बाजारात कुणीही जातं, बघतं, पिशवी भरून आणतं. इथे आत शिरण्याआधीच विचारतात, तुम्ही कोण? ऑनलाइन नोंदणीच्या अर्जात व्यवसायाचं स्वरूप निवडायचं होतं: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, उत्पादक, आयातदार. हौशी असा पर्याय नव्हता, आणि नसतोच. वहिनींकडे जीएसटी नंबर होता, त्यांचं लगेच झालं. आम्ही तिघींनी छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी केली. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, आणि घरून एकटीने काम करणारी बाईही उत्पादक म्हणून नोंद करू शकते. हे मुद्दाम सांगते, कारण या फुकटच्या कामाचे पैसे घेणारे एजंट गल्लोगल्ली बसलेत. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "सूक्ष्म उद्योग! अगं, चाळीस वर्षं स्वयंपाकघरात हाच चालवला की."

सोबत व्हिजिटिंग कार्डंही लागतात. ती आम्ही छापून घेतली नाहीत, आपल्याच हातांनी केली. प्रत्येकीचं वेगळ्या कागदावर, आपल्या कामाचा नमुना वाटावा असं. याचा उपयोग आम्हाला वाटला होता त्याहून जास्त झाला. स्टॉलवरचा माणूस आधी कार्ड उलटसुलट बघायचा आणि मग बसायला खुर्ची द्यायचा.

वहिनींच्या मुलाला मात्र घरी ठेवावं लागलं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता.

अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूरहून निघते आणि पहाटे बोरिवलीला उतरवते. गाडीत दशम्या, लसणाची चटणी आणि रतलाम गेल्यावर शेव. खाऊन झाल्यावर वहिनींनी वही काढली आणि प्रत्येकीला काय हवं ते लिहून घेतलं. रंग, जाडी, आकार, वर्षाला साधारण किती लागतं. सगळ्या व्यवहारातलं सर्वांत उपयोगी काम हेच झालं. एकटीचं वर्षाचं लागणं कुठल्याच कारखान्याच्या नजरेत भरत नाही. चौघींचे आकडे एकाखाली एक मांडल्यावर कळलं की आपल्याला बोलणी करता येतील.

आत गेल्यावर पहिला तास डोळे फिरण्यातच जातो. वॉशी टेप म्हणजे नक्षीची कागदी चिकटपट्टी, शिक्के, स्टेन्सिल, एम्बॉसिंगचे साचे, सोनेरी वर्ख, चीनहून आलेले तयार स्टिकर. पोरगी हरखून प्रत्येक स्टॉलवर थांबायला लागली. वहिनींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आधी कागद. बाकी सगळं दुपारनंतर."

सांगानेरचा हॅण्डमेड कागद ठेवणारा एक स्टॉल सापडला. जयपूरजवळच्या सांगानेरला हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, कागजी हे तिथलं आडनावच आहे. कागद लाकडाचा नसतो. होजिअरीच्या कारखान्यांतली सुती कतरण कुटून लगदा करतात, जाळीच्या चौकटीवर उचलतात, दाबून वाळवतात. लाकडातलं, कागद पिवळा करणारं लिग्निन सुतात नसतं, म्हणून हा कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. माझ्या अल्बमांसाठी मला नेमकं हेच हवं होतं. सोबत पीएच तपासायचं पेन नेलं होतं, एका नमुन्याच्या कोपऱ्यात रेघ ओढली. आम्ल असेल तर रेघ पिवळी राहते, नसेल तर जांभळी होते. जांभळी झाली. स्टॉलवाल्या दादांनी ते पेन हातात घेऊन बघितलं आणि मग आम्हाला मागच्या टेबलावरचे, लोकांसमोर न ठेवलेले नमुने दाखवले.

तावाचा आकार बावीस बाय तीस इंच. मी आणि पोरगी तिथेच खाली बसून हिशेब करायला लागलो. अल्बमचं पान बारा बाय बारा इंचाचं. ते अशा तावातून दोनच निघतात, कारण बावीसात बारा दोनदा बसत नाहीत. उरलेला कागद म्हणजे लांबच लांब पट्ट्या. पण पाच बाय सातचं घडीचं कार्ड, म्हणजे उलगडल्यावर सात बाय दहा, हे मात्र छान बसतं. बावीसात सात तीनदा, तिसात दहा तीनदा, नऊ कार्डं, आणि वाया जाते ती फक्त एक इंचाची पट्टी. त्याच क्षणी मी ठरवलं की हॅण्डमेडचा अल्बम यापुढे दहा बाय अकराचा. एका तावात सहा पानं. गिऱ्हाइकाला बारा बाय बाराच हवा असेल तर त्याला गिरणीचा कागद आणि त्याची वेगळी किंमत.

काकूंची परीक्षा वेगळी असते. त्या कागद हातात घेऊन आधी एका बाजूने हलकेच वाकवतात, मग दुसऱ्या. गिरणीच्या कागदात धागे एका दिशेला झोपलेले असतात. ज्या बाजूने कागद सहज वाकतो ती त्याची दिशा. मखराचा खांब गुंडाळायचा तर धागे उभे हवेत, नाहीतर खांबाला सुरकुत्या पडतात. घडीच्या कार्डाचंही तेच, दिशेच्या विरुद्ध घडी घातली की जाड कागद घडीवर तडकतो आणि आतला पांढरा भाग दिसतो. जाळीवर हाताने उचललेल्या कागदाला अशी दिशा जवळजवळ नसते. हे काकूंना कुणी शिकवलेलं नाही, आणि स्टॉलवरच्या तरुण विक्रेत्याला मुळात माहीत नव्हतं. काकूंनी त्याला त्याचाच कागद दोन्हीकडून वाकवून दाखवला. तो आत जाऊन मालकाला घेऊन आला.

पोरगी प्रत्येक रंगीत कागदाचा कोपरा विचारून फाडत होती. क्विलिंगमध्ये पट्टीची कड वर येते, कागदाचा पृष्ठभाग नव्हे. नुसता वरून रंगवलेला कागद असेल तर फुलाची प्रत्येक पाकळी पांढरी दिसते. फाडल्यावर आतूनही रंग दिसला तरच तो कागद कामाचा. तिच्या या फाडण्याने एक-दोन स्टॉलवाले वैतागले. पण ज्यांचा माल आतून रंगीत होता त्यांनी स्वतःहून ताव पुढे केला.

डाय कटिंगच्या, म्हणजे डाय हा नक्षीचा साचा दाबून कागद कापायच्या, हाताने फिरवायच्या मशीनपाशी कायम गर्दी असते. दांडा फिरवला की नाजूक जाळी अशी अलगद बाहेर येते की पर्स उघडायला हात शिवशिवतात. पण प्रात्यक्षिकाला ते आपला ठरलेला, पातळ आणि गुळगुळीत कागद वापरतात. आम्ही घरून निघतानाच आपले कागद पिशवीत घातले होते. "दादा, आता हा कापून दाखवा," म्हणून मी तीनशे जीएसएमचं (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचं) कार्ड आणि झेंडूच्या पाकळ्या घातलेला हॅण्डमेड पुढे केला. पहिल्या मशीनवर कार्ड अर्धवट कापलं गेलं. दुसऱ्या मशीनवर कार्ड नीट निघालं, हॅण्डमेडला मात्र कडेला दोरे राहिले. त्या मशीनवरच्या बाईंनी खाली साध्या कागदाचे दोन तुकडे घालून पुन्हा फिरवलं तेव्हा स्वच्छ कापलं गेलं. पाकळी असलेल्या जागी तरीही अडलं. हे सगळं त्यांनी न कुरकुरता करून दाखवलं, म्हणून मशीन त्यांचंच घेतलं. चौघींत मिळून एक.

आता भावाचं. सांगानेरवाल्यांची अट होती, एका रंगाचे कमीत कमी शंभर ताव. एकटी असते तर नमस्कार करून निघाले असते. आम्ही पाच रंग घ्यायचे ठरवलं आणि पाच रंग कुठले यावर स्टॉलच्या बाजूला उभ्या राहून वीस मिनिटं वाद घातला. त्यांच्या कॅटलॉगात नुसते क्रमांक होते. काकूंनी सगळ्यांना लुगड्यांची नावं देऊन टाकली: हा चिंतामणी, हा आमसुली, हा श्रीखंडी, हा अबोली. मला मोतिया हवाच होता. पोरीचा मोरपंखी कापला गेला, तिने तोंड पाडलं. शेवटी मालक म्हणाले, मोरपंखीचे पन्नास उरलेत, ते चालत असतील तर घाला. एवढी सवलत चौघींना मिळते, एकीला नाही.

इथे वहिनींची दुकानदारी कामाला आली. प्रत्येक रंगाचा तुकडा कापून, त्याचे दोन भाग करून, दोन्हीवर तारीख आणि मालकांची सही घेतली. एक भाग त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. लगद्यातच रंग घालतात, त्यामुळे दर खेपेला छटा थोडी बदलते, म्हणून सगळा माल एकाच खेपेतला असेल असं ऑर्डरवर लिहून घेतलं. पैसे अर्धे आगाऊ. बिल वहिनींच्या दुकानाच्या नावाने, आणि पुढे आम्ही तिघींनी त्यांच्याकडून रीतसर बिल करूनच माल घेतला. मैत्रीत कच्च्या चिठ्ठ्या ठेवल्या की वर्षअखेरीला मैत्रीही कच्ची निघते, असं त्यांचं मत. रक्कम पन्नास हजारांच्या आत होती, त्यामुळे मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची गरज पडली नाही.

दुपारनंतर वॉशी टेप बघायला वेळ उरला, पाय उरले नव्हते. तरी पोरीने पिशवीभर आणलीच.

माल यायला लागायचा तेवढा वेळ लागला. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, घेऊन आम्ही ट्रान्सपोर्ट नगरला गेलो तर हम्माल म्हणाला, "कागद आहे ना, मग दोघी उचला." अडीचशे जीएसएमचा हा एक ताव सुमारे १०६ ग्रॅमचा, म्हणजे शंभराचा गठ्ठा साडेदहा किलोचा, आणि असे गठ्ठे पाच, वर मोरपंखीचा अर्धा. त्याने एकदा हात लावून बघितला आणि निमूटपणे हातगाडी आणली.

काकूंच्या दिवाणखान्यात सतरंजी घालून वाटणी केली. आधी सहीचे तुकडे काढून प्रत्येक गठ्ठ्याशी ताडून बघितले. बाकीचे रंग जुळले, अबोली मात्र चांगलीच फिकी निघाली. वहिनींनी फोटो पाठवला आणि फोन केला. पलीकडून उन्हाची, उजेडाची कारणं आली. वहिनींनी सहीच्या तुकड्याचा फोटो पाठवल्यावर कारणं थांबली आणि त्या गठ्ठ्याचे पैसे निम्मे झाले. काकू म्हणाल्या, फिकी अबोली गौरींच्या मागच्या पडद्याला उलट बरी दिसेल. तो गठ्ठा त्यांनीच ठेवला.

भाड्यावरून थोडी तणातणी झाली. पोरीचं म्हणणं, वजनावर वाटा. मी म्हटलं, किमतीवर. भाडं वजनावर लागलं होतं तेव्हा तिचंच बरोबर होतं आणि तसंच केलं. एक इंचाच्या ज्या पट्ट्या माझ्या कार्डांतून उरणार होत्या त्यांवरही तिने तिथेच हक्क सांगितला; पाकिटांवरच्या चिठ्ठ्यांना लागतात म्हणे.

मशीन सध्या काकूंकडे आहे, कारण गणपती जवळ आलेत आणि खांबांवरच्या जाळ्या त्यांनाच जास्त लागतात. आम्ही बाकीच्या जणी रविवारी आपापला कागद घेऊन तिथे जातो. डाय वापरून झाली की डबीत परत ठेवायची आणि वहीत लिहायचं, एवढा एकच नियम आहे. गेल्या रविवारपासून पानाच्या वेलीची डाय सापडत नाहीये. वहीत शेवटचं नाव वहिनींचं आहे, आणि वहिनी म्हणतात ती त्यांनी पोरीला दिली.