माझा अनुभव: बंद पडलेलं पीपीएफ आणि तीन अर्ध्या रजा

2020च्या टाळेबंदीत आमचा छापखाना बंद पडला तेव्हा मी 46 वर्षांचा होतो. एफडी मोडली, बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, नोकरी लागल्यावर सोडवल्या. डोकं फिरवलं ते पीपीएफने, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्याने.

खातं 2014चं, दक्षिण मुंबईतल्या एका पोस्टातलं, नाव घेत नाही. चार वर्षं त्यात रुपया टाकला नव्हता. 2024मध्ये अर्धी रजा टाकून कांदिवलीहून चर्चगेट लोकल पकडली. खिडकीवरच्या बाई पासबुक न उघडताच म्हणाल्या, "हे बंद झालंय. नवीन काढा." आणि मी शहाणा, "बरं" म्हणून परत आलो! माणशी पीपीएफ खातं एकच चालतं. शिवाय जुनं 2030च्या एप्रिलला पिकणार होतं, नवं 2040ला. तोवर मी 66चा.

(बंद पडलं तरी आतल्या रकमेवर व्याज चालूच असतं. हे ठाऊक नव्हतं म्हणून दोन वर्षं पासबुकाकडे बघवतही नव्हतं.)

दुसऱ्या फेरीला जुनं खातं पुन्हा चालू करायचा नियम पाठ करून गेलो: चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 रुपये आणि वर 50 दंड. "सिस्टिम घेत नाही." का घेत नाही? अर्धा तास उभा राहिल्यावर कळलं, खात्याला आधार जोडलेलं नाही.

"मॅडम, हे मागच्या वेळीच सांगायचं ना."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

धावत झेरॉक्स काढून आणली, तर खिडकीवर जेवणाची सुट्टी. मला साडेतीनला दादरला कामावर हजर व्हायचं होतं.

तिसऱ्यांदा आधार, पॅन, दोन फोटो आणि लेखी अर्ज दोन प्रतींत नेला. बाई पुन्हा "नवीनच काढा" म्हणायला लागल्या, तेव्हा म्हटलं, "मग अर्जावर तसं लिहून द्या." त्या उठून पोस्टमास्तरांकडे गेल्या. पाच मिनिटांत काम झालं. चार वर्षांचे 2200 आणि चालू वर्षाचे 500, मिळून 2700 रुपये. अर्ज तोंडी करू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

पासबुकावर नवी ओळ छापून आली ती मी लोकलमध्ये तीनदा वाचली.

आता महिन्याला दोन हजार टाकतो. हो, पैसे पाच तारखेच्या आत भरा. सहा तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज त्यांवर मिळत नाही. आणि खातं घराजवळच्या पोस्टात बदलून घेता येतं. तो अर्ज भरून ठेवलाय, पण त्यासाठी त्याच खिडकीवर जायचंय.