पीळ पडलेली पट्टी

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरी आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी होत्या. त्यांतली एक टेपमध्ये अडकून तुटली तेव्हा मी ती सेलोटेपने जोडली. जोडताना पट्टीला पीळ पडला आणि तिथून पुढे अभंगाऐवजी दुसऱ्या बाजूचा गजर उलटा, गोधडीखालून आल्यासारखा दबका ऐकू येऊ लागला. आजोबा रागावले, मी मात्र ती कॅसेट जपून ठेवली. काबारे व्हॉल्टेअर या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संगीत-त्रिकुटाची ‘१९७४-७६’ ही कॅसेट अनेक वर्षांनी ऐकली, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच.

ख्रिस वॉटसन, रिचर्ड कर्क आणि स्टीव्हन मॅलिंडर हे तिघे १९७३ पासून वॉटसनच्या घराच्या पोटमाळ्यावर जमत. वॉटसन टेलिफोन अभियंता होता. टेपरेकॉर्डर हेच त्यांचे मुख्य वाद्य: पट्टी कापायची, टोके जोडून तिचे कडे करायचे आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा. त्या काळातले हे ध्वनिमुद्रण १९८० मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सने कॅसेटवर काढले. ही कंपनीदेखील थ्रॉबिंग ग्रिसल या दुसऱ्या एका गटाने स्वतःच चालवलेली होती.

शेफिल्ड हे पोलादाचे गाव, म्हणून तिथल्या संगीतात घणाचे ठोके उतरले, असे हमखास लिहिले जाते. मला हे स्पष्टीकरण फार सोपे वाटते. आमच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतही फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत, पण तिथून पाळी संपवून येणारी माणसे संध्याकाळी टाळच हाती घेत. फरक पडला तो यंत्र उघडून त्याच्याशी खेळण्याच्या मोकळिकीने.

मोठ्या टेपयंत्रावर पट्टी सेकंदाला १९ किंवा ३८ सेंटिमीटर धावते, तर कॅसेटमध्ये जेमतेम ४.७६, त्यामुळे खरखर वाढते आणि प्रतीवरून प्रत काढत गेले की आवाजाचा वरचा पट्टा झिजत जातो. भजनाच्या कॅसेटीत टाळांची धार गेली की जीव हळहळतो. ‘१९७४-७६’मध्ये मात्र सूर कुठे संपतो आणि खरखर कुठे सुरू होते हेच कळत नाही, आणि सगळेच तुकडे सारखे रंगतात असेही नाही. काही निव्वळ लांबलेले आहेत.

वॉटसन १९८१ मध्ये गटातून बाहेर पडला आणि पुढे पशुपक्ष्यांचे आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक म्हणून नावाजला गेला. मला त्याचे नवल वाटले नाही. पोटमाळ्यावरही तो वाजवण्यापेक्षा ऐकतच अधिक बसत असावा.