गाड्यांनी सोडलेले रस्ते: प्रागेल ते ग्रिंडेलवाल्ड, सायकलवरून

स्वित्झर्लंडमध्ये सायकल चालवायची म्हटलं की पहिला फोटो फुर्का खिंडीचा समोर येतो. वळणावळणाचा रस्ता, मागे बर्फ, मधोमध एकटाच सायकलस्वार. त्या फोटोत आवाज नसतो हे विसरू नका. जुलैतल्या रविवारी दुपारी बाराला तिथे मोटरसायकलींची रांग लागलेली असते, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी गिअर पाडून इंजिन गुरगुरवत तुमच्या कोपराजवळून जातं. आम्ही पुण्याचे तिघे जण निघालो ते एकच गोष्ट ठरवून: खिंडीची उंची बघायची नाही, गाड्या कुठून जातात ते बघायचं आणि दुसऱ्या बाजूने जायचं. आल्प्समध्ये हे जमतं, कारण तिथे बोगदे आणि रुंद नवे रस्ते झाल्यावर जुने रस्ते उखडून टाकलेले नाहीत. शिवाय काही रस्त्यांवर खाजगी गाड्यांना बंदीच आहे.

मार्ग असा: श्वित्स, मुओताटाल, प्रागेल खिंड, ग्लारूस, मग क्लाउझेन ओलांडून आल्टडॉर्फ, तिथून आगगाडीने आयरोलो, त्रेमोला या जुन्या दगडी रस्त्याने गॉटहार्ड खिंड, पुढे फुर्का, ग्रिम्झेल, मायरिंगेन आणि शेवटी ग्रोसे शाइडेगवरून ग्रिंडेलवाल्ड. यात वारांचा हिशेब खिंडींच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा आहे. प्रागेल शनिवारी किंवा रविवारीच करा, कारण माथ्यापासून ग्लारूसच्या बाजूला रिचिसाउपर्यंतच्या रस्त्यावर शनिवार-रविवार मोटारवाहनांना बंदी असते. उलट क्लाउझेन, फुर्का आणि ग्रिम्झेल हे मोटरसायकलवाल्यांचे लाडके घाट, ते आठवड्याच्या मधल्या वारांना. म्हणून रविवारी प्रागेलने सुरुवात केली की बाकी सगळं आपोआप सोम ते गुरुवारात बसतं.

प्रागेल जेमतेम 1550 मीटरचा. नकाशावर बघून कुणी त्याला मोजतही नाही, आणि नेमका तोच दम काढतो. मुओताटाल गाव सुमारे 610 मीटरवर आहे. गाव संपलं की रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होतो आणि सरळ वर चढतो. मधले काही तुकडे 15 टक्क्यांच्या वरचे आहेत. पुढे 34 दात्यांचं आणि मागे 34 दात्यांचं चक्र असेल तर बसून चढता येईल. पुण्यातून नेलेल्या रेसिंग सायकलला मागे 28 असेल तर कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) निघण्याआधीच बदलून घ्या. वर गेल्यावर चढ मवाळ होतो, चुनखडीचा दगड आणि सूचिपर्णी झाडं सुरू होतात. याच डोंगराच्या पोटात ह्योललोख नावाची गुहा आहे, आजवर मोजलेली तिची लांबी 200 किलोमीटरच्या वर गेली आहे.

1799 मध्ये रशियाचा सेनापती सुवोरोव्ह फ्रेंचांशी लढत गॉटहार्ड ओलांडून आला. उरी प्रांतातल्या सरोवराकाठून तेव्हा रस्ताच नव्हता, म्हणून तो किन्झिग खिंडीतून मुओताटालमध्ये उतरला आणि पुढे सैन्य घेऊन याच प्रागेलवरून ग्लारूसला गेला. तोफा, घोडे आणि फाटके बूट घेऊन. आपल्याकडे कार्बनची फ्रेम असते आणि तरी आपण कुरकुरतो.

माथ्यावरून पलीकडे उतरताना मात्र रविवारचं बक्षीस मिळतं. एकही गाडी नाही. उतार तीव्र आणि अरुंद आहे, मधूनमधून गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांच्या जाळ्या बसवलेल्या आहेत. त्या काटकोनातच ओलांडायच्या, ओल्या असतील तर वर ब्रेक अजिबात लावायचा नाही. रिम ब्रेकवाल्यांनी (चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक) दर दोन-तीन किलोमीटरला थांबून कड फार तापली नाही ना ते हाताने तपासावं. रिचिसाउच्या पुढे क्लॉन्टालचं सरोवर लागतं, एका बाजूला ग्लेर्निशचा कडा थेट पाण्यात उतरलेला. इथून पुढे गाड्या परत भेटतात, पण ग्लारूस आता जवळच.

ग्लारूस ते लिन्थाल हा दरीतला सपाट भाग, सायकलमार्गाने आरामात होतो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिन्थालमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर बघा.

क्लाउझेन 1948 मीटर, म्हणजे लिन्थालपासून सुमारे 1300 मीटर चढ. आपल्या मापात सांगायचं तर सिंहगड पाठोपाठ दोनदा. पण एक फरक आहे, आणि तो मोठा दिलासा आहे: मध्येच उर्नरबोडेन नावाचं लांबलचक सपाट कुरण लागतं. देशातलं सगळ्यात मोठं उन्हाळी कुरण हेच म्हणतात. मोसमात हजाराहून जास्त गाई इथे चरतात. गाई रस्त्यावर बसतात आणि उठत नाहीत. घंटी वाजवू नका, त्यांच्या गळ्यात तुमच्यापेक्षा मोठी घंटा आहे. सायकलवरून उतरून, मागच्या बाजूने न जाता, त्यांना दिसेल असं हळू चालत पुढे जायचं.

गंमत अशी की हे कुरण ग्लारूसच्या बाजूच्या दरीत आहे, पण मालकी पलीकडच्या उरी प्रांताची. त्याची दंतकथा तिथे लहान पोरंही सांगतात. हद्द ठरवायला दोन्ही बाजूंनी एकेक धावपटू कोंबडा आरवला की निघणार होता. ग्लारूसवाल्यांनी आपला कोंबडा खाऊ-पिऊ घालून लठ्ठ केला, तो उशिरापर्यंत झोपला. उरीवाल्यांनी आपला उपाशी ठेवला, तो पहाटेच आरवला. त्यांचा गडी खिंड ओलांडून पार खाली उतरला तेव्हा ग्लारूसचा जेमतेम निघाला होता.

कुरणाच्या कडेला एका गोठ्याबाहेर फ्रिज ठेवलेला होता. आत वजनानुसार कापलेले चीजचे तुकडे, प्रत्येकावर पेनाने लिहिलेली किंमत, शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा. माणूस कुणी नाही. आल्प्समध्ये अशी दुकानं ठिकठिकाणी भेटतात, म्हणून खिशात फ्रँकची नाणी ठेवा. क्यूआर कोड असतो पण तो स्थानिक बँकेच्या ॲपवर चालतो, आपल्या यूपीआयचा तिथे उपयोग नाही.

कुरण संपलं की उरलेला चढ वळणावळणाने वर जातो. 1922 ते 1934 या काळात याच रस्त्यावर मोटारींच्या शर्यती होत. पलीकडचा उतार जपून करायचा: रस्ता कड्यात कोरलेला, बाहेरच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, नुसते दगडी खुंट. पिवळी पोस्ट बस, म्हणजे डोंगरातली सार्वजनिक बस, इथून जाते. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकला की कडेला थांबा, शक्यतो डोंगराच्या बाजूला. बसला मान देणं हा नुसता शिष्टाचार नाही. डोंगरातल्या पोस्ट-रस्त्यांवर चालकाची सूचना पाळावीच लागते.

आल्टडॉर्फमध्ये विल्हेल्म टेलचा 1895 चा पुतळा आहे. बघून झाला की सपाटीने एर्स्टफेल्ड गाठा आणि आगगाडी पकडा. इथून गश्येनेनपर्यंत, म्हणजे गॉटहार्ड बोगद्याच्या उत्तरेकडच्या तोंडापर्यंत, सायकल चालवण्याचा हट्ट मला तरी पटत नाही. आणि गाडीतून जाण्यात तोटा काहीच नाही: 2016 मध्ये 57 किलोमीटरचा नवा पायथ्याचा बोगदा सुरू झाल्यावर बहुतेक जलद गाड्या तिकडे गेल्या, आणि 1882 ची जुनी डोंगरी लाईन निवांत झाली. वासेन गावाचं चर्च खिडकीतून तीनदा दिसतं, आधी डोक्यावर, मग समोर, मग खाली, कारण रुळ डोंगराच्या आत गोल फिरून उंची घेतात. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. इंटरसिटी गाड्यांत 21 मार्च ते 31 ऑक्टोबर सायकलची जागा आधी राखून ठेवणं सक्तीचं आहे. पुढचं चाक काढून सायकल पिशवीत भरली तर ती सामान म्हणून फुकट जाते.

आयरोलो. बोगद्यातून बाहेर आलात की भाषा इटालियन होते आणि कॉफी सुधारते.

गॉटहार्डवर मोटारींसाठी 1980 पासून 16.9 किलोमीटरचा बोगदा आहे, त्याच्या वर खिंडीतून जाणारा रुंद नवा रस्ता आहे, आणि या दोघांनी सोडून दिलेला तिसरा म्हणजे त्रेमोला. सुमारे 1175 मीटरवरून 2106 मीटरपर्यंत, शेवटच्या टप्प्यात एकावर एक रचलेली 24 वळणं, आणि खाली ग्रॅनाइटचे चौकोनी दगड कमानीच्या नक्षीत बसवलेले. दोन दगडांच्या फटीत बारीक गवत उगवलेलं असतं. हँडल सतत थरथरतं, तळहाताला मुंग्या येतात. वेग कमी झाला तर जास्त हादरे बसतात, म्हणून एक गिअर जड ठेवून लय सांभाळायची. वळणाच्या आतल्या कडेला दगड घासून गुळगुळीत झालेत, बाहेरून जा. टायर निदान 28 मिलिमीटरचा, 32 असेल तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा कमी. निघण्याआधी बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आवळा. हा रस्ता चढायचाच, उतरायचा नाही. आणि पाऊस असेल तर नव्या रस्त्याने किंवा पोस्ट बसने जा. आमच्या चढाईत सकाळी भेटलेल्या मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वर उभं राहिलं की खालची सगळी वळणं एका नजरेत दिसतात.

होस्पेंटालला उतरून मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी निघा. फुर्का टाळता येत नाही, पण त्याची गर्दी टाळता येते. रेआल्पपासून 2429 मीटरच्या माथ्यापर्यंत सुमारे 900 मीटर चढ आहे. नऊच्या आत माथा गाठला तर रस्ता तुमचा. पलीकडच्या वळणात बेल्व्हेडेर हे 2015 पासून बंद असलेलं हॉटेल आहे, त्याच्यामागे ऱ्होन हिमनदी. वितळू नये म्हणून बर्फाच्या काही भागावर पांढरं कापड पांघरलेलं दिसतं. हवा बिघडली तर रेआल्पहून आगगाडी 1982 च्या बोगद्यातून पलीकडे ओबरवाल्डला नेते; तिथून ग्लेचला वर चढून मार्गाला लागता येतं. ग्लेचहून ग्रिम्झेल छोटा, सहा किलोमीटरच, पण ऊन डोक्यावर आलेलं असतं. पुढे इनर्टकिर्खेनपर्यंतच्या लांब उतारात बोगदे आहेत: पुढचा-मागचा दिवा लावून ठेवा, आणि जिथे सायकलची लाल पाटी बोगद्याच्या बाहेरून जायला सांगते तिथे निमूट ऐका, तो जुना रस्ता आहे आणि तलावाच्या काठाने जातो.

ग्रोसे शाइडेग मी मुद्दाम शेवटी ठेवला. मायरिंगेनपासून 1962 मीटरपर्यंत जवळजवळ 1360 मीटर चढ, पहिला भाग जंगलातला आणि तिखट. रोझेनलाउइच्या आसपास उसंत मिळते. श्वार्त्सवाल्डआल्पच्या पुढे खाजगी गाड्यांना बंदी, फक्त पोस्ट बस, स्थानिक लोक, चालणारे आणि आपण. उजवीकडे-डावीकडे बघायची गरज नाही, समोर वेटरहॉर्नची भिंतच उभी आहे. ई-बाईकवरच्या आजीबाई हात करून पुढे निघून जातील, मनाला लावून घेऊ नका.

आता किरकोळ, पण उपयोगी. या खिंडी साधारण जून ते ऑक्टोबर उघड्या असतात, तरी निघायच्या सकाळी त्या-त्या प्रांताच्या संकेतस्थळावर बघा. सप्टेंबरातही वर बर्फ पडतो. दुपारी विजांचा पाऊस नेहमीचा, म्हणून एकच्या आधी माथा मागे टाका. उतारासाठी वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे ऑगस्टमध्येही लागतात. पाणी विकत घेऊ नका, प्रत्येक गावात वाहतं कारंजं असतं; ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तरच पिऊ नका. रविवारी गावातली दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली उघडी, त्यामुळे प्रागेलच्या दिवसाचं खाणं शनिवारीच घ्या. शाकाहारी मंडळींसाठी आल्प्लरमाग्रोनेन आहे: मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत सफरचंदाचा गर. ‘ओने श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस न घालता, असं आधी सांगावं लागतं. डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका हवी असेल तर 1414, एरवी 112. प्रवासविम्यात ही सुटका धरलेली आहे का ते भारतातूनच विचारून ठेवा.

शाइडेगवरून ग्रिंडेलवाल्डला उतरताना बस वर येत असते आणि रस्ता तिच्या रुंदीइतकाच आहे. वेळापत्रक बसथांब्यावर लावलेलं असतं. ते बघून, बस माथ्यावर पोचल्यावरच उतरायला सुरुवात करा. खाली स्टेशनवरून इंटरलाकेन ओस्टची गाडी मिळते.