माय घरी आली, रिपोर्ट अडकला

लघवीच्या इन्फेक्शनमधून मायला सेप्सिस झालं, म्हणजे इन्फेक्शनशी लढताना शरीर आपल्याच अवयवांना इजा करायला लागलं. गेवराईहून संभाजीनगरला नेलं, आयसीयू झालं, सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसला, माय वाचली. वॉर्डातल्या सिस्टर-डॉक्टरांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. माझं डोकं फिरवलं ते रेकॉर्डच्या खिडकीनं.

गावाकडच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड बघून पहिलं विचारलं, "कल्चरचा रिपोर्ट कुठंय?" कोणता जंतू होता आणि त्याला कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं, हे त्यात असतं. तो पक्का यायला काही दिवस लागतात. आमच्या कार्डावर नुसतं 'रिपोर्ट बाकी'. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला पुढचे तीनेक महिने पुन्हा इन्फेक्शनचा धोका जास्त. उद्या ताप आला तर अंदाजानं इंजेक्शन देऊ का, असं त्यांचं म्हणणं.

खिडकीवाला म्हणे लॅबमध्ये जा. लॅबवाले म्हणे फाइल रेकॉर्डला गेली. रेकॉर्डला गेलो तर पेशंटच्या सहीचा अर्ज पाहिजे. एसटीनं परत गावी, सही घेऊन पुन्हा हजर. तर म्हणे, "ही सही वाचता येईना, पेशंटलाच आणा." अहो, जिला तांब्या उचलंना, तिची सही नीट कशी येणार? अंगठाही चालंना.

शेवटी एका मेडिकलवाल्यानं सांगितलं : मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, मागितल्यापासून ७२ तासांत पेशंटचे कागद द्यावे लागतात. अर्जात तेवढी ओळ घातली, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. मग तीच सही बरोबर वाचता आली!

घरी आल्यावर मूठ-मूठ केस गळाले, रात्री माय दचकून उठायची, नावं विसरायची. शेजारणीनं उतारा टाकायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, आयसीयूनंतर असं होतं, महिनोन्‌महिने चालतं. रोज थोडं चालवा, डाळ-अंडी वाढवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीचंही विचारून घ्या. हुडहुडी, धाप, बरळणं किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. आणि हो, योजनेत डिस्चार्जनंतरची १० दिवसांची औषधंही बसतात, ती आरोग्यमित्राकडं (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) मागा. आम्ही ती विकत घेतली.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, भरती व्हायच्या आधी माय ज्या गोळ्या घेत होती, त्यांना तो जंतू दादच देत नव्हता. आता त्या रिपोर्टचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलात आहे.