ज्वालामुखीच्या उबेवर अंडी

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचा मालेओ हा पक्षी आकाराने आपल्या गावठी कोंबडीएवढा, पण अंडं घालतो तिच्या अंड्याच्या पाचपट. आणि त्यावर बसत नाही! नर-मादी मिळून पायांनी खड्डा उकरतात. कुठे समुद्राकाठच्या उन्हाने तापलेल्या वाळूत, तर कुठे जंगलात, जिथे जमीन ज्वालामुखीच्या उष्णतेने खालूनच गरम असते. एक अंडं ठेवायचं, वर माती लोटायची आणि चालू लागायचं.

माझ्यासारख्या अंडी उबवणाऱ्या बाईला याचा हेवा वाटणारच. आमच्या मशीनमध्ये ३७.५ अंश धरावे लागतात, अंडी दिवसातून चार-पाचदा फिरवावी लागतात, आणि लाईट गेली की जीव टांगणीला. आठवडाभराने अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावायची. आत तांबड्या शिरांचं बारीक जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसला तर अंडं धरलं, नाहीतर बाद. सोलापूरचा मे म्हणजे आणखी वेगळीच तऱ्हा: पारा ४२-४३ वर, खोलीच इतकी तापते की मशीन गार कसं ठेवायचं ही चिंता. पायाखालचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात ऊब कुठली उरणार?

मालेओच्या अंड्यात बलक भरपूर. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लू माती उकरत वर येतं, तेही पंख फुटलेलं, आणि त्याच दिवशी उडू शकतं. हे आत्यांना (माझ्या सासूबाईंना) सांगितलं, तर त्या शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "एक दाणासुद्धा दाखवायचा नाही पोराला? असली कसली गं आई?" आई जवळ नसल्याचा फटका बसतो, हे मात्र खरं. माणसं अंडी उकरून नेतात. आमची खुडूक कोंबडी निदान हाताला चोच तरी मारते. २०२१ पासून मालेओ अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी फर्नांडिना बेटावरच्या इग्वाना (घोरपडीएवढे मोठे सरडे) माद्यांची हिंमत याहून मोठी. अंडी घालायला त्या जवळपास दीड किलोमीटर उंच ज्वालामुखीचा काठ गाठतात, काही तर विवरात उतरतात, कारण तिथली राख उबदार. हा ज्वालामुखी निजलेला नाही बरं का, २०२४ च्या मार्चमध्येसुद्धा तो उसळला.

त्याच गॅलापागोसजवळ समुद्रात १,६०० मीटरहून खोल, पाकटासारख्या चपट्या माशांची अंडी २०१५ साली सापडली. तळाला भेगांतून कढत, काळं पाणी उसळतं त्याच्या आसपास १५७ अंडी, त्यातली निम्म्याहून जास्त हे काळं पाणी ओकणाऱ्या दगडी धुराड्यांपासून वीस मीटरच्या आत. एरवी तिथलं पाणी तीन अंशांच्या आसपास, आणि तेवढ्या थंडीत अंडी फुटायला वर्षं लागतात. धुराड्याच्या तोंडाशी गेलं तर अंडी शिजतील, लांब ठेवली तर नुसती पडून राहतील. मधली जागा या माद्या शोधतात कशी, ते त्यांनाच ठाऊक. थर्मोस्टॅट तर नाही कुणाकडे.